काय पाव्हणं, कुठलं?

मागच्या शनिवारी गावाकडचे काका न कळवता पुण्यात घरी आले. वॉचमनने गेटवर रजिस्टर पुढे केलं : नाव, फ्लॅट नंबर, काम. कामाच्या रकान्यात काकांनी लिहिलं, 'पाहुणा'. वॉचमनला ते काही झेपेना. त्याने मला फोन लावला, "साहेब, व्हिजिटर आलाय, सोडू का?" काका शेजारीच उभे होते. मला कसंतरीच झालं.

रात्री काका झोपल्यावर शब्दकोश उघडून बसलो. म्हटलं, हा 'पाहुणा' आला तरी कुठून?

आधी 'अतिथी' घेऊ. ज्याच्या येण्याला तिथी नाही तो अतिथी, असं शाळेत शिकलो होतो. ऐकायला मस्त आहे, पण अभ्यासक या शब्दाचं मूळ 'अत्' या धातूत बघतात. अत् म्हणजे भटकणं, फिरत राहणं. ऋग्वेदात तर साक्षात अग्नीलाच घरचा अतिथी म्हटलंय. मनुस्मृतीत अतिथीची व्याख्या अगदी काटेकोर आहे : एकच रात्र राहतो तो.

'पाहुणा'ची गोष्ट जास्त गुंतागुंतीची. संस्कृतात 'प्राघुण' आणि 'प्राघूर्णक' हे शब्द सापडतात. घूर्ण् म्हणजे गरगरणं, म्हणजे इथेही भटक्याच! पण गंमत अशी की पालीत 'पाहुन' आधीपासून होता. संस्कृतातल्या 'घ'चा प्राकृतात 'ह' होतो (मेघचा मेह). त्यामुळे पंडितांनी लोकांच्या तोंडचा शब्द उचलून 'ह'चा पुन्हा 'घ' केला आणि त्याला संस्कृत रूप दिलं, असं मानलं जातं. आमच्या भाषेत, रिव्हर्स इंजिनिअरिंग!

मग पालीतला शब्द कशावरून? पाली कोशात तो 'हु' या धातूशी जोडलाय. हु म्हणजे अर्पण करणं, ज्यावरून हवन आणि आहुती आले. पालीत 'पाहुन' म्हणजे पाहुणा, आणि पाहुण्यासाठी केलेलं जेवणसुद्धा! महाराष्ट्रातल्या बुद्धविहारांत संघवंदना म्हणतात, तिच्यात 'पाहुनेय्यो' हा शब्द आजही ऐकू येतो. त्याचा अर्थ, पाहुणचाराला योग्य.

म्हणजे एका मताने पाहुणा हा फिरणारा, आणि दुसऱ्या मताने ज्याच्यापुढे ताट ठेवायचं तो. कठोपनिषदात नचिकेत यमाच्या दारात तीन रात्री उपाशी राहतो, तेव्हा प्रत्यक्ष यमालाही त्याची भरपाई म्हणून तीन वर द्यावे लागतात. मृत्यूलासुद्धा यातून सूट नाही!

मराठीत या शब्दाचं आणखी काय काय झालं. 'पाहुणे बघायला येणारेत' म्हटलं की मुलगी लग्नाची आहे हे कळतं. आणि गावाकडे एसटी स्टँडवर अनोळखी माणसालाही विचारतात, "काय पाव्हणं, कुठलं?" नाव माहीत नसतं, पण नातं आधीच दिलेलं असतं. आमच्या रजिस्टरमध्ये नेमकं उलटं. आधी नाव, मग फ्लॅट, आणि नात्याला रकानाच नाही.

असो. काका दुसऱ्या दिवशी सकाळी निघाले. मनूच्या हिशोबाने बरोबर एक रात्र. लिफ्टपाशी म्हणाले, "पुढच्या वेळी फोन करून येईन हां."

ते हसत म्हणाले, पण मला ते लागलंच. फोन करून आला तर तो अतिथी कसला?