मोटारीचा भोंगा अकारण वाजतो तेव्हा...

मध्यरात्री पावसाची जोरदार सर येते, गाडीजवळ कोणीही नसते आणि तरीही तिचा चोरघंटेचा भोंगा सारी आळी जागी करतो. रत्नागिरीकरांना हा अनुभव नवा नाही. असे दोन-चार वेळा घडले की मालक भोंग्याची वायरच काढून टाकतो, किंवा शेजारी त्या आवाजाकडे लक्ष देणे सोडून देतात. दोन्ही प्रकारे गाडी असुरक्षित होते. वास्तविक भोंगा अकारण वाजत नाही. कारण बहुधा चोर नसून गाडीच्या विद्युत यंत्रणेतील एखादा किरकोळ बिघाड असतो. येथे वर्षाकाठी तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. त्यात मांडवी, मिऱ्या, भाट्ये या परिसरातील खारा वारा धातूचे सांधे लवकर गंजवतो. म्हणून तपासणी क्रमाने करावी.

बॅटरी : आरंभ येथूनच करावा. गाडी काही तास उभी राहिल्यावर मल्टिमीटरने मोजल्यास चांगली बॅटरी सुमारे १२.६ व्होल्ट दाखवते. १२.२ च्या खाली आकडा गेल्यास ती अर्धी रिकामी झाली असे समजावे. दाब घसरला की काही यंत्रणा त्यालाच छेडछाड समजून भोंगा वाजवतात. इंजिन चालू असताना साधारण १३.८ ते १४.४ व्होल्ट मिळावेत. न मिळाल्यास अल्टरनेटर तपासून घ्यावा. टर्मिनलवर पांढरट-हिरवट भुकटी साचली असल्यास प्रथम ऋण आणि मग धन टर्मिनल सोडवावे, गरम पाण्याने व ब्रशने स्वच्छ करून कोरडे करावे, व्हॅसलीनचा हात फिरवावा आणि उलट क्रमाने जोडावे. हा क्रम पाळल्यास पान्याचा स्पर्श बॉडीला होऊन ठिणगी उडण्याचा धोका टळतो.

दारे, डिकी आणि बॉनेट : यांच्या कडेला असलेल्या लहान स्विचांत पाणी वा गंज शिरला की दार उघडल्याचा खोटा इशारा मिळतो. सर्व दारे लावल्यावर आतला दिवा पूर्ण विझतो का, हे अंधारात पाहावे. बॉनेटचा स्विच बहुधा सर्वाधिक भिजतो. धक्का ओळखणारा सेन्सर फार तीव्र ठेवला असल्यास ढगांच्या गडगडाटानेही भोंगा वाजतो. त्याची तीव्रता कमी करून घ्यावी.

अर्थिंग आणि वायरिंग : ऋण प्रवाह गाडीच्या बॉडीतून परत जातो. तो सांधा गंजला तर दिवे मंदावतात किंवा एक बटण दाबले असता दुसरेच उपकरण चालू होते. पावसाळ्यात उबेसाठी बॉनेटखाली शिरणारे उंदीर वायरी कुरतडतात, हेही ध्यानात ठेवावे.

छुपा खर्च : गणपतीला आलेली गाडी आठवडाभर अंगणात उभी राहते आणि परतीच्या दिवशी सुरूच होत नाही. बंद गाडीत साधारण ५० मिलिअँपिअरपर्यंत प्रवाह वाहणे स्वाभाविक आहे. त्या हिशेबाने ३५ अँपिअर-तासांची बॅटरी रिकामी होण्यास सुमारे २९ दिवस लागतील. हाच प्रवाह अर्धा अँपिअर झाला तर ती तीन दिवसांतच संपते. अशा वेळी एकेक फ्यूज काढून प्रवाह कोठे घटतो ते पाहिल्यास दोषी जोडणी सापडते.

फ्यूज : फ्यूज वारंवार उडत असल्यास त्याजागी अधिक अँपिअरचा फ्यूज, तांब्याची तार किंवा चांदीचा कागद कदापि लावू नये. फ्यूज वितळतो म्हणून वायर वाचते. तो वितळला नाही तर वायर तापते आणि गाडी पेट घेऊ शकते.

रिमोटला प्रतिसाद मिळत नसल्यास आधी त्यातील सेल बदलावा. इमोबिलायझरमुळे गाडी सुरू होत नसल्यास वारंवार स्टार्टर मारू नये. दुसरी किल्ली वापरून पाहावी. एअरबॅगच्या वायरींना घरी हात लावू नये आणि वॉरंटीतील गाडीची कोणतीही वायर कापू नये. बाहेरून बसविलेल्या भोंग्याची जोडणी मात्र पावसाळ्यापूर्वी, मे महिन्यातच जाणकार ऑटो इलेक्ट्रिशियनकडून तपासून घ्यावी. योग्य वेळीच वाजणाऱ्या भोंग्याकडे शेजारीही धाव घेतात.