खोक्यातलं थिएटर

'होम थिएटर' हा शब्द आमच्या बुलढाणा जिल्ह्यात आला तो पुठ्ठ्याच्या एका मोठ्या खोक्यावर छापून. साल साधारण २००३ ते २००८ च्या मधलं. खोक्यात एक डीव्हीडी प्लेयर, पाच चिमुकले स्पीकर, एक वूफर, रंगीत टोकांच्या वायरींचं भेंडोळं आणि एक रिमोट. बाहेर भल्यामोठ्या अक्षरात आकडा: अमुक हजार वॉट! खामगावच्या किंवा चिखलीच्या दुकानदाराला विचारलं 'हे काय?' तर तो सांगायचा, "टॉकीजचा आवाज घरात." बस्स, एवढ्यावर माल विकला जायचा.

सध्या आईबाबांसाठी चिखलीच्या घरी नवीन सिस्टीम निवडायचं काम माझ्याकडे आहे. त्या निमित्ताने बरंच वाचलं, आणि एक गंमत लक्षात आली. हा 'सगळं एकाच खोक्यात' प्रकार आपल्याकडे अजिबात नवा नाही. महाराष्ट्रात सिनेमा आलाच मुळी असा, बांधून, लादून, गावोगाव नेता येईल अशा संचाच्या रूपात. आणि दर वेळी खरा प्रश्न एकच होता: पडद्यावरचा माणूस काय बोलला ते मागच्या रांगेत कळलं का?

सुरुवात सिनेमाच्याही आधीपासून करू. कल्याणचे महादेव गोपाळ पटवर्धन आणि त्यांची मुलं १८९० च्या दशकात 'शांबरिक खरोलिका' नावाचे खेळ करत फिरायचे. काचेवर हाताने रंगवलेली चित्रं आणि ती पडद्यावर टाकणारे कंदील. चित्रं पुढेमागे सरकवून हालचालीचा भास करायचा. आवाजाचं काय? तो माणसांचा! बाजूला बसून गोष्ट सांगायची, संवाद म्हणायचे. चित्र, उजेड आणि आवाज, सगळा संच एकाच कुटुंबाच्या सामानात. माझ्या मते महाराष्ट्रातलं पहिलं ऑल-इन-वन हेच. त्यानंतर ७ जुलै १८९६ ला मुंबईच्या वॉटसन हॉटेलात ल्युमिएर बंधूंची हलती चित्रं दाखवली गेली, १९१३ साली फाळक्यांचा 'राजा हरिश्चंद्र' आला... हा इतिहास सगळ्यांना पाठ आहे, म्हणून पुढे जातो.

बोलपट आले तेव्हा खरी पंचाईत झाली. 'आलम आरा' १९३१ चा, प्रभातचा 'अयोध्येचा राजा' १९३२ चा. आता नुसता प्रोजेक्टर चालणार नव्हता, अँप्लिफायर आणि स्पीकर आले, म्हणजे भरवशाची वीज आली. शहरात ठीक आहे, पण गावात वीज कुठून आणायची? ह्याचं उत्तर म्हणजे टुरिंग टॉकीज. ट्रक, तंबू, पडदा, प्रोजेक्टर, जनरेटर आणि भोंगे. जत्रेच्या हंगामात ट्रक निघायचा, मैदानात तंबू ठोकायचा, रात्रभर खेळ, आणि जत्रा उठली की सगळं परत ट्रकमध्ये. आमच्या जिल्ह्यात मलकापूर, नांदुरा, शेगाव ही गावं रेल्वेवर. खामगावला एक फाटा जातो. पण चिखली, मेहकर, लोणार, खुद्द बुलढाणा ह्यांना आजही रेल्वे नाही (खामगाव-जालना मार्गाची मागणी इंग्रजांच्या काळापासूनची आहे, असो). अशा मुलखात थिएटर ट्रकवर बसून येणं हेच सोयीचं होतं. ह्या तंबूंच्या शेवटच्या दिवसांवर 'द सिनेमा ट्रॅव्हलर्स' नावाचा सुंदर माहितीपट २०१६ साली आला, कान महोत्सवात दाखवला गेला. मिळाला तर जरूर बघा. त्याआधी २०१३ ला 'टुरिंग टॉकीज' नावाचा मराठी सिनेमाही येऊन गेला.

आता तंबूतल्या भोंग्याबद्दल थोडं. आपण भोंग्याला हसतो, कारण त्याला बेस नसतो. पण त्याच्यामागचं इंजिनियरिंग हुशार आहे. थोड्या वॉटमध्ये खूप आवाज, कारण हॉर्नचा आकार डायफ्रॅमची ऊर्जा हवेत नीट पोचवतो. आणि तो ज्या पट्ट्यात सगळ्यात मोठ्याने बोलतो, तो पट्टा नेमका माणसाच्या बोलण्याचा. टेलिफोनवर साधारण ३०० ते ३४०० हर्ट्झ एवढंच जात असे, तरी पलीकडचं सगळं समजायचं. क, त, स, प ही व्यंजनं ओळखायला जे लागतं ते मुख्यतः २००० ते ४००० हर्ट्झच्या आसपास असतं. म्हणजे संगीताची वाट लागली तरी संवाद तंबूच्या बाहेर, फुकट्यांनासुद्धा ऐकू जायचा. माझी आजी सांगते की त्यांना घरून तंबूत जायची परवानगी नव्हती, तर त्या मैत्रिणी मागच्या ओट्यावर बसून अख्खा सिनेमा 'ऐकायच्या'. तिला त्या सिनेमांचे संवाद पाठ आहेत, चित्र बघितलेलं नाही!

नंतर टीव्ही. मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ ला सुरू झालं, पण गावागावात टीव्ही दिसायला १९८४ उजाडलं. त्या वर्षी काही महिने देशात जवळजवळ रोज एक छोटं प्रक्षेपण केंद्र उभं राहत होतं. १९८७ ला 'रामायण' लागलं आणि एका टीव्हीसमोर चाळीस माणसं बसू लागली. टीव्हीला स्पीकर एकच, तोही समोर तोंड केलेला. हे 'समोर तोंड' लक्षात ठेवा, पुढे कामाला येईल. त्याच सुमारास औरंगाबादजवळच्या चितेगावात व्हिडिओकॉन कलर टीव्ही बनवू लागली. आमच्या भागात 'मुंबईचा माल' ऐवजी 'औरंगाबादचा टीव्ही' हे वाक्य तेव्हापासूनचं. (ही कंपनी २०१८ ला दिवाळखोरी प्रक्रियेत गेली, शहराचं नावही २०२३ पासून छत्रपती संभाजीनगर आहे.)

आणि मग व्हिडिओ! लग्न, बारसं, गणपती, काहीही असो, 'व्हिडिओ लावायचा'. टीव्ही, व्हीसीआर आणि तीन कॅसेटी असा संच एका रात्रीच्या भाड्याने यायचा, सोबत तो चालवणारा पोरगा. म्हणजे पुन्हा एकदा फिरतं ऑल-इन-वन. फक्त आवाजाच्या बाबतीत ही पायरी खाली उतरणारी होती. व्हीएचएस टेपच्या कडेला आवाजाची एक बारीक पट्टी असते. आपल्याकडच्या पाल पद्धतीत ती टेप सेकंदाला जेमतेम २.३४ सेंटिमीटर सरकते. साधी गाण्याची कॅसेट सरकते ४.७६ ने. वेग जितका कमी तितका वरच्या पट्टीतला आवाज कमी, घरघर जास्त. म्हणजे ज्या 'व्हिडिओ'साठी गाव जागायचं त्याचा आवाज टेपरेकॉर्डरपेक्षाही वाईट होता. कोणी तक्रार केली नाही, कारण चित्राचंच अप्रूप एवढं होतं.

तिकडे थिएटरात मात्र आवाज चहूबाजूंनी पसरत होता. ह्या सगळ्याची मुळं १९३१ मध्ये आहेत. अॅलन ब्लुमलाइन नावाच्या इंग्रज इंजिनियरने त्या वर्षी स्टिरिओचं पेटंट दाखल केलं. असं सांगतात की बायकोबरोबर सिनेमा बघताना त्याला खटकलं, नट पडद्यावर उजवीकडे चाललाय आणि आवाज मात्र एकाच जागेवरून येतोय. पुढे अमेरिकेतल्या बेल लॅब्सने १९३३ साली तीन चॅनेलचा प्रयोग केला: डावा, उजवा आणि मधला. मधला मुद्दाम. कारण दोनच स्पीकर असले तर बरोबर मधोमध बसलेल्यालाच आवाज मधून आल्यासारखा वाटतो, बाकीच्यांना तो जवळच्या स्पीकरकडे ओढला गेलेला वाटतो. सिनेमाने हा मधला स्पीकर पडद्यामागे कायमचा ठेवला आणि संवाद त्याला दिले. घरच्या स्टिरिओने मात्र त्याला काढून टाकलं. कारण साधं आहे, रेकॉर्डच्या खाचेला दोनच भिंती असतात!

आपल्याकडे 'शोले'ची १९७५ ची ७० एमएमची प्रिंट स्टिरिओफोनिक होती. मग १९९४ ला '१९४२ अ लव्ह स्टोरी' डॉल्बी स्टिरिओत आला. घरासाठी डॉल्बीने १९८७ ला प्रो लॉजिक आणलं, त्यात मधला स्पीकर परत आला. १९९२ ला थिएटरात डॉल्बी डिजिटल, १९९६ ला जपानात डीव्हीडी, आणि मग ५.१ हा आकडा सगळ्या जगाच्या खोक्यांवर चढला. पाच स्पीकर आणि '.१' म्हणजे फक्त धडामधूमसाठीचा वेगळा चॅनेल.

तर, आपलं खोकं. २००६ मध्ये मी चौथीत असताना आमच्या घरी असं एक आलं (कंपनीचं नाव नको). त्यावरचा आकडा होता २००० वॉट पीएमपीओ. मागच्या पट्टीवर बारीक अक्षरात: वीज वापर ६० वॉट. आता ६० वॉट आत घेऊन २००० वॉट बाहेर काढणारं यंत्र सापडलं तर महावितरणचे सगळे प्रश्न सुटतील :-) पीएमपीओला कुठलंही ठरलेलं मापच नव्हतं. क्षणभराचा कल्पनेतला जोर, गुणिले स्पीकरची संख्या, गुणिले मार्केटिंगवाल्याचा उत्साह. अमेरिकेत १९७४ लाच ह्यावर नियम आला होता की अँप्लिफायरची ताकद सतत वाजवून मोजलेलीच छापायची. आपल्याकडे तीस वर्षांनंतरही लोक हजारात वॉट विकत घेत होते.

दुसरी फसगत ह्याहून मोठी, आणि ती कोणाच्याच लक्षात आली नाही. त्या काळात घरोघरी सिनेमा असायचा व्हीसीडीवर किंवा केबलवर. व्हीसीडीच्या नियमातच आवाजाचे ट्रॅक दोन. ५.१ त्यात बसतच नाही. मोझर बेअरने २००७ च्या सुमारास २८ रुपयांत व्हीसीडी आणि ३४ रुपयांत डीव्हीडी विकायला सुरुवात केली, तरी भाड्याच्या दुकानात राज्य व्हीसीडीचंच. म्हणजे पाच स्पीकर भिंतींवर लटकवायचे आणि पाचातून तोच दोन ट्रॅकचा आवाज फिरवून ऐकायचा. पाहुणे मागच्या स्पीकरला कान लावून "मागूनही येतंय!" म्हणायचे. येणारच की.

तिसरी गोष्ट संवादाची. त्या चिमुकल्या स्पीकरांचा कोन असायचा दोन-तीन इंची. त्यांना साधारण १५०-२०० हर्ट्झच्या खालचं झेपत नाही, म्हणून ते सगळं वूफरकडे. पुरुषाच्या आवाजाचा पाया मात्र साधारण ८५ ते १८० हर्ट्झमध्ये असतो. परिणाम: नायकाचा अर्धा आवाज टीव्हीजवळून आणि अर्धा सोफ्यामागच्या कोपऱ्यातून. त्यात मधला स्पीकर, म्हणजे सगळे संवाद ज्याच्याकडे तोच, बहुतेक घरांत शोकेसच्या काचेमागे, कृष्णाच्या मूर्तीशेजारी बसवलेला. आजी विचारायची, "काय बोलून राह्यला रे तो? धडधड आयकू येते, बोलणं नाही येत." ओट्यावर बसून सिनेमे पाठ करणारी बाई घरच्या थिएटरात संवादाला मुकली. त्या खोक्यावर कुठेही हा आकडा छापलेला नव्हता.

ते खोकं किती चाललं? डीव्हीडीची लेन्स गेली तेव्हा तिच्याबरोबर अँप्लिफायरही निकामी. स्पीकरांना कंपनीचे स्वतःचे प्लग आणि ३ ओहमचा भार, म्हणून ते दुसऱ्या साध्या अँप्लिफायरला जोडायची सोय नाही. ऑल-इन-वनची किंमत इथे कळते. एक मेला की सगळे मेले. टुरिंग टॉकीजवाला निदान जनरेटर बदलू शकायचा.

आता आजचा प्रश्न. आज टीव्ही इतका पातळ झालाय की त्याचे स्पीकर खाली किंवा मागे तोंड करून असतात, भिंतीशी बोलतात. जुन्या डबा टीव्हीचा एकुलता स्पीकर निदान माणसांकडे तोंड करून होता. बाबांना हल्ली वरच्या पट्टीतलं कमी ऐकू येतं, म्हणजे तीच व्यंजनं. आवाज वाढवला की पार्श्वसंगीत वाढतं आणि आई वैतागते. बातम्या लागल्या की दोघांचा रोजचा वाद ठरलेला. शेजारचे काका म्हणाले, "मोठं ५.१ घ्या, पैसा वसूल." मी नाही म्हटलं.

कारण हॉल. आमचा हॉल बाराबाय दहाचा, सोफा मागच्या भिंतीला टेकलेला, एका बाजूला व्हरांड्याचं दार. मागच्या स्पीकरांची जागा ऐकणाऱ्याच्या बाजूला किंचित मागे, १०० ते १२० अंशांवर असावी लागते. आमच्याकडे तिथे एकीकडे दार आणि दुसरीकडे देवघर. वर स्लॅब, खाली फरशी, कोऱ्या भिंती. टाळी वाजवली की 'टँण्' असा शेपूट असलेला आवाज येतो. हा शेपूट व्यंजनं खातो. तेव्हा पहिला खर्च यंत्रावर नाही, जाड पडद्यावर आणि सतरंजीवर. टाळी पुन्हा वाजवून बघा, फरक लगेच कळतो.

मग ३.१ चा साउंडबार घेतला. डावा, मधला, उजवा आणि एक वूफर. घेताना मी एवढंच बघितलं की मधल्या चॅनेलला खरा, वेगळा स्पीकर आहे की नाही. बरेच साउंडबार २.१ असतात, त्यात मधला नसतो, 'व्हॉइस' बटण असलं तरी. जोडणी सोपी: एचडीएमआयची एकच वायर, टीव्हीच्या ज्या भोकावर 'एआरसी' लिहिलंय त्यात. ही सोय २००९ पासूनच्या एचडीएमआयमध्ये आहे. मात्र टीव्हीच्या सेटिंगमध्ये डिजिटल ऑडिओ 'पीसीएम' वर असेल तर बहुतेक टीव्ही ५.१ चं स्टिरिओ करून पाठवतात आणि मधला स्पीकर पुन्हा बेकार. ते 'बिटस्ट्रीम' किंवा 'पास-थ्रू' करावं लागतं. वूफर कोपऱ्यात न ठेवता टीव्हीशेजारीच ठेवला, म्हणजे नायकाचा आवाज दुभंगत नाही. मधल्या चॅनेलची पातळी दोन टप्पे वर. रात्रीसाठी 'नाइट मोड', त्याने मोठे आवाज दबतात आणि बारीक वर येतात. आणि बाकी काही करण्याआधी सॉकेटचं अर्थिंग तपासून घेतलं. आमच्या भागात रब्बीच्या दिवसांत पंप सुरू झाले की संध्याकाळी व्होल्टेज कसा नाचतो हे मी वेगळं सांगायला नको.

चाचणीला 'सैराट' लावला. अजय-अतुलने त्याचं संगीत अमेरिकेत मोठ्या ऑर्केस्ट्राबरोबर रेकॉर्ड केलंय, डावं-उजवं तपासायला उत्तम. पण आजीने फर्माईश केली 'पिंजरा'ची, १९७२ चा. त्या काळचे जवळजवळ सगळे मराठी सिनेमे मोनो. मोनो म्हणजे डाव्या-उजव्यात तंतोतंत तेच, आणि प्रो लॉजिकसारखा डीकोडर चालू असला की जे दोन्हीकडे सारखं ते तो मधल्या स्पीकरला पाठवतो. त्यामुळे अख्खा सिनेमा मधल्या एका स्पीकरमधून आला, बाकी सगळे गप्प. आजी समोरच्या खुर्चीत बसली होती, एक वाक्य नट बोलायचा आणि पुढचं ती.