रॉमवाल्यांची बाजू

फोनमधले कंपनीचे सॉफ्टवेअर काढून तिथे दुसरे बसवणाऱ्यांविषयी आपल्याकडे एक मत रूढ आहे. चांगला चालता फोन घ्यायचा, बूटलोडर उघडायचा, कुणा अनोळखी माणसाने बनवलेला रॉम फ्लॅश करायचा, वॉरंटी घालवायची, बँकेचे ॲप उघडेनासे झाले की डोक्याला हात लावायचा आणि तरीही अँड्रॉइडची पुढची आवृत्ती कधी येते याकडे डोळे लावून बसायचे. हा रिकामटेकडा उद्योग आहे, त्यात धोका आहे, थोडीफार चोरी आहे आणि मुळाशी नव्याचा हव्यास आहे, असे म्हणतात. सुरक्षेचा अभ्यास असलेली माणसेही हा पूर्वपक्ष मांडतात, म्हणून तो हलक्याने घेण्यासारखा नाही. पण तो टिकत नाही. ज्याला हव्यास म्हटले जाते ते बव्हंशी जुन्या वस्तूची निगा राखणे आहे, आणि ज्या धोक्याचे खापर या मंडळींवर फोडले जाते त्यातला मोठा वाटा कंपन्यांनी अपडेट थांबवल्यामुळे आलेला आहे.

आधी हव्यासाचे पाहू. जानेवारी 2017मध्ये भारतात आलेला रेडमी नोट 4 घ्या. दहा ते तेरा हजारांतला, बॅटरी सहज दिवसभर पुरवणारा हा फोन त्या वर्षी देशात सर्वाधिक खपलेल्या फोनांपैकी होता. तो अँड्रॉइड 6 घेऊन आला, 7वर गेला आणि कंपनीच्या लेखी तिथेच थांबला. कंपनीचा स्वतःचा एमआययूआय हा वरचा थर नवा होत राहिला, खालचा अँड्रॉइड मात्र 7च. पण 'मिडो' या सांकेतिक नावाने हाच फोन रॉम बनवणाऱ्यांकडे पुढे कित्येक वर्षे नांदला. अँड्रॉइड 8, 9, 10 आणि त्यानंतरच्या आवृत्त्याही त्यावर चालल्या. मिडो वापरणारा कॉलेजचा मुलगा नव्या अँड्रॉइडची आतुरतेने वाट पाहत होता ती हातातला फोन बदलावा लागू नये म्हणून. त्याला हव्यासी म्हणणे मला सरळ अन्यायाचे वाटते.

या मंडळींचे डोळे दुकानाकडे नव्हे, सोर्स कोडकडे लागलेले असतात. 2011 साली गूगलने टॅब्लेटसाठीच्या अँड्रॉइड 3चा कोड खुला केला नाही आणि रॉम बनवणारे जवळजवळ वर्षभर तिष्ठत राहिले. नोव्हेंबर 2011मध्ये अँड्रॉइड 4चा कोड खुला झाला तेव्हा कुठे कामाला तोंड फुटले. त्याच डिसेंबरात सॅमसंगने सांगितले की आदल्या वर्षीच्या गॅलेक्सी एसला अँड्रॉइड 4 मिळणार नाही, कारण कंपनीच्या टचविझ थरासह ते चालवण्याइतकी मेमरी त्यात नाही. काही महिन्यांत सायनोजेनमॉड या पर्यायी रॉमची नववी आवृत्ती त्याच गॅलेक्सी एसवर चालू लागली. यंत्र थकलेले नव्हते. टचविझचा थर काढून टाकला की जागा पुरत होती, आणि तो काढायचा पर्याय कंपनीने ग्राहकाला दिला नव्हता. फोन जुना झाला की नाही हे कोण ठरवते, याचे उत्तर इतक्या लखलखीतपणे फार थोड्या प्रसंगांत मिळते.

आता धोक्याकडे वळू, कारण पूर्वपक्षाची खरी ताकद तिथे आहे. बूटलोडर म्हणजे फोन चालू होताना पुढे कोणती प्रणाली उठवायची ते ठरवणारा छोटा प्रोग्रॅम. कंपनीने तो बंद ठेवलेला असतो आणि कंपनीची सही असलेलीच प्रणाली तो उठू देतो. ज्याने तो उघडला आहे त्याला पुढचा प्रकार पाठ असतो. फोन केबलने संगणकाला जोडायचा, संगणकाकडून आज्ञा घेणाऱ्या फास्टबूट अवस्थेत न्यायचा, आज्ञा द्यायची. पडद्यावर इशारा येतो. आवाजाच्या बटणाने 'होय'वर जायचे, पॉवरचे बटण दाबायचे, आणि फोनमधला सगळा विदा पुसला जातो. हे पुसणे शिक्षा म्हणून नसते. चोराने फोन पळवून बूटलोडर उघडला तरी तुमचे फोटो आणि संदेश त्याच्या हाती लागू नयेत, म्हणून ते मुद्दाम तसे केलेले आहे. त्यानंतर दर वेळी फोन चालू करताना 'या फोनमधील सॉफ्टवेअरची खातरजमा होऊ शकत नाही' अशा अर्थाची पाटी दिसते. ती पाटी खोटी नाही. बूटलोडर उघडा असलेला फोन काही वेळ दुसऱ्याच्या हाती गेला तर तो माणूस त्यात फेरफार केलेली प्रणाली बसवू शकतो. शिवाय मोडेमचे आणि चिपचे जे भाग कंपनी बंद स्वरूपात देते, त्यांच्या दुरुस्त्या कंपनीने थांबवल्या की कुठल्याही रॉमवाल्याला त्या लिहिता येत नाहीत. कुठूनही उचललेला, कोड न दाखवणारा रॉम तर कुणीच टाकू नये. इथवर पूर्वपक्षाशी माझे भांडण नाही.

भांडण आहे ते तुलनेशी. उघडलेल्या जुन्या फोनची तुलना नेहमी कालपरवा आलेल्या, दरमहा दुरुस्त्या मिळणाऱ्या फोनशी केली जाते. ती करायला हवी त्याच जुन्या, कंपनीने वाऱ्यावर सोडलेल्या फोनशी. जुलै 2015मध्ये स्टेजफ्राइट नावाचे दोष उघडकीला आले. अँड्रॉइडचा ध्वनी आणि व्हिडिओ वाचणारा भागच असा सदोष होता की एका एमएमएसने फोनमध्ये शिरकाव करता यावा, आणि काही फोनांत तर तो एमएमएस उघडण्याचीही गरज नव्हती. सुमारे 95 कोटी फोन या दोषांच्या टप्प्यात येतात असा अंदाज दोष शोधणाऱ्यांनी दिला. गूगलने दुरुस्ती आधीच लिहून कंपन्यांना दिली होती, पण ती दुरुस्ती आधी फोनच्या कंपनीने आपल्या सॉफ्टवेअरात मिसळायची, अनेक देशांत मग दूरसंचार कंपनीने तपासायची आणि त्यानंतर ती ग्राहकाकडे यायची. कोट्यवधी फोनांपर्यंत ती कधी पोहोचलीच नाही. सायनोजेनमॉडच्या रोज रात्री बनणाऱ्या आवृत्त्यांत, म्हणजे नाइटलींत, मात्र ही बातमी जगभर होण्याआधीच त्या दुरुस्त्या गेलेल्या होत्या. ज्याला बेफिकीर म्हणून हिणवले जात होते तो त्या आठवड्यात सुरक्षित होता आणि शिकवण पाळून फोनला हात न लावणारा उघड्यावर होता. पुढच्याच महिन्यात गूगल आणि सॅमसंग यांनी दरमहा सुरक्षा-दुरुस्त्या द्यायचे जाहीर केले.

आणि बूटलोडर कायम उघडाच ठेवावा लागतो हेही सर्वस्वी खरे नाही. ग्राफीनओएस ही सुरक्षेसाठीच बांधलेली प्रणाली पिक्सेल फोनवर बसवली की तिच्या स्वतःच्या किल्लीने, म्हणजे डिजिटल सहीने, बूटलोडर पुन्हा बंद करता येतो आणि खातरजमेची साखळी पूर्ववत होते. बहुतेक कंपन्या अशी सोय ठेवत नाहीत. तेव्हा उघडा फोन असुरक्षित, हे वाक्य त्या कंपन्यांच्या निवडीविषयी जास्त सांगते. बँकेच्या ॲपांचेही तसेच. अँड्रॉइडच्या हार्डवेअर-आधारित पडताळणीत फोनवर कोणाच्या किल्लीची प्रणाली चालते आहे ते ॲपला कळू शकते, म्हणजे विश्वासू पर्यायी प्रणालीला वाव देता येतो. बहुतेक बँका तो देत नाहीत आणि गूगलच्या होकार-नकारावर विसंबतात. त्यामुळे वर्षानुवर्षे एकही दुरुस्ती न मिळालेला कंपनीचा फोन चालतो आणि गेल्या महिन्याची दुरुस्ती असलेला फोन नाकारला जातो. यूपीआयवर रोजचा व्यवहार चालणाऱ्या आपल्या देशात हा निकष बदलायला हवा.

चोरीचा आरोप थोडक्यात निकालात निघतो. अँड्रॉइडचा गाभा अपाचे परवान्याखाली आणि त्याखालचा लिनक्स कर्नल जीपीएलच्या दुसऱ्या आवृत्तीखाली खुला आहे. बदल करण्याची मुभा परवान्यातच आहे. 2009मध्ये गूगलने सायनोजेनमॉडचा कर्ता स्टीव्ह कॉन्डिक याला नोटीस धाडली ती जीमेल, मॅप्स, मार्केट अशी बंद ॲपे रॉमसोबत वाटल्याबद्दल. ती वगळली गेली, रॉम चालू राहिला. आयफोनचे जेलब्रेक, म्हणजे कंपनीने घातलेली बंधने तोडणे, हेही 2010मध्ये अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने प्रताधिकार कायद्याच्या बंदीतून मोकळे केले. उलट जीपीएलनुसार कर्नलचा कोड देणे कंपन्यांवर बंधनकारक असते आणि तो महिनोन्महिने न देणाऱ्या कंपन्यांची उदाहरणे थोडी नाहीत. परवाना कोण मोडतो हे विचारायचेच असेल तर सगळ्यांना विचारावे.

रिकामटेकडेपणाच्या आरोपाला मराठी माणसाने तरी दुजोरा देऊ नये. अँड्रॉइड 2च्या काळातल्या बऱ्याच फोनांवर मराठी मजकूर म्हणजे चौकोनी खोक्यांची रांग असे. फॉन्टच नव्हता. तेव्हा फोन रूट करून, म्हणजे प्रणालीवर पूर्ण ताबा मिळवून, तिच्या फॉन्टच्या फोल्डरात देवनागरी फॉन्ट टाकणारी मुले होती. अक्षरे दिसू लागत, पण जोडणीची यंत्रणा नसल्याने 'स्थिती' लिहिले की स आणि थ हलन्तासकट सुटे पडत आणि पहिली वेलांटी अक्षराच्या आधी यायची ती नंतर येई. तसले मोडके मराठी वाचत आणि कुठे काय तुटते ते एकमेकांना दाखवत ही मंडळी राहिली. भाषा फोनवर नीट यायला पुढे गूगलची आणि फॉन्ट घडवणाऱ्यांची मोठी मेहनत लागली, तिचे श्रेय त्यांचेच. पण 'या पडद्यावर मराठी दिसलीच पाहिजे' असा हट्ट धरून फोनच्या पोटात हात घालणारे आधी हेच होते.

आधी या मंडळींनी करायचे आणि मग ते अधिकृत अँड्रॉइडमध्ये यायचे, असे इतरत्रही झाले. कोणत्या ॲपला संपर्क आणि ठिकाण कळू द्यायचे हे ॲपवार ठरवण्याची सोय सायनोजेनमॉडने 2013मध्ये प्रायव्हसी गार्ड नावाने दिली. अँड्रॉइडमध्ये परवानगी विचारण्याची पद्धत 2015च्या सहाव्या आवृत्तीत आली. मॅजिस्क हे रूट करण्याचे साधन लिहिणारा जॉन वू 2021मध्ये गूगलच्याच अँड्रॉइड-सुरक्षा विभागात रुजू झाला.

आज मात्र ही वाट अरुंद होते आहे. ह्वावेने 2018मध्ये बूटलोडर उघडण्याचे कोड देणे बंद केले. जून 2025मध्ये अँड्रॉइड 16चा कोड आला तेव्हा त्यासोबत पिक्सेलसाठीची डिव्हाइस-ट्री आली नाही, म्हणजे त्या फोनांवर रॉम उभारायचा पाया आता पुन्हा हाताने बांधावा लागतो. दुसरीकडे नव्या महागड्या फोनांना सात वर्षे अपडेटचे वचन मिळू लागले आहे आणि युरोपीय संघात जून 2025पासून विक्री थांबल्यानंतरही पाच वर्षे अपडेट देण्याचा नियम लागू झाला आहे. चांगलेच झाले. पण दहा हजारांचा फोन घेणाऱ्या आपल्याकडच्या ग्राहकाला त्यातले काय मिळते? ग्राहक व्यवहार विभागाने 2022मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली, पोर्टलही काढले. फोनच्या बाबतीत त्या हक्कात सुटे भाग आणि मॅन्युअलच्या जोडीला आणखी एक अट हवी: ज्या दिवशी कंपनी एखाद्या फोनचे अपडेट थांबवील, त्या दिवसापासून बूटलोडर उघडण्याची सोय विनाशुल्क आणि विनाप्रतीक्षा खुली करावी, मालकाच्या किल्लीने तो पुन्हा बंद करता यावा आणि कर्नलचा पूर्ण कोड प्रसिद्ध झालेला असावा. यातली शेवटची गोष्ट तर परवान्याने कंपन्यांवर आजही बंधनकारक आहे.