सागरापलीकडचे अन्न : मार्टिनिक बेटाच्या महागाईची पूर्वपीठिका

वेस्ट इंडीजच्या द्वीपमालेतील मार्टिनिक या बेटाचे नाव आपल्या वाचकांपैकी फार थोड्यांच्या कानांवरून गेले असेल. अवघे अकराशे चौरस किलोमीटरचे हे बेट. लोकवस्ती साडेतीन लाखांच्या आसपास, आणि त्यांत बहुसंख्य कॅथॉलिक. राज्यव्यवस्थेच्या दृष्टीने ते फ्रान्सचाच एक जिल्हा आहे. तेथील नागरिक फ्रेंच, चलन युरो, कायदा पॅरिसचा. पॅरिस मात्र तेथून सुमारे ७,००० किलोमीटर दूर. फ्रान्सच्या राष्ट्रीय सांख्यिकी संस्थेने २०२२ साली दोन्हीकडच्या किमती ताडून पाहिल्या, तेव्हा मार्टिनिकमधील खाद्यवस्तू मुख्य फ्रान्सपेक्षा ४० टक्क्यांनी महाग असल्याचे आढळले. सर्व वस्तू व सेवा एकत्र धरल्या, तर हा फरक १४ टक्क्यांवर येतो. म्हणजे जी गोष्ट कोणत्याही घराला टाळता येत नाही, तिचाच भार सर्वांत जड. आणि हा भार वाहणाऱ्या या बेटावर दर चार माणसांत एकाहून अधिक माणूस दारिद्र्यरेषेखाली जगतो.

या महागाईचे कारण विचारले की एक तयार उत्तर मिळते: बेट आहे, सगळे जहाजाने येते, भाडे पडणारच. हे उत्तर खोटे नाही. पण ते अर्धे आहे. मार्टिनिकला ज्वालामुखीची सुपीक माती आहे, भरपूर पाऊस आहे, बारमाही ऊन आहे. अशा भूमीवर राहणाऱ्या माणसाने गहू तर सोडाच, पण कांदा, कोंबडी आणि दूधही महासागरापलीकडून का आणावे, हा खरा प्रश्न आहे. त्याचे उत्तर शोधण्यासाठी साडेतीनशे वर्षे मागे जावे लागते.

फ्रेंचांनी १६३५ साली या बेटावर वसाहत केली. प्रथम तंबाखू, मग ऊस. चौदाव्या लुईचा मंत्री कोलबेर याने १६६४ पासून जे व्यापारी धोरण राबविले, त्याचे सार असे, की वसाहतीने आपला माल केवळ फ्रान्सला विकावा आणि आपल्या गरजा केवळ फ्रान्सकडून भागवाव्यात. बेटावर पिकवायचे ते फ्रान्सच्या चहा-कॉफीच्या पेल्यासाठी, बेटवासीयांच्या पोटासाठी नव्हे. उसाच्या मळ्यात गुंतलेली प्रत्येक बिघा जमीन अन्नापासून हिरावली गेली. मळेवाल्यांचा हिशेब साधा होता: त्या जमिनीत साखर पिकवावी आणि आफ्रिकेतून आणलेल्या गुलामांना बाहेरून आणलेले स्वस्त अन्न घालावे. म्हणून आयर्लंडहून खारवलेल्या गोमांसाची पिंपे येत आणि उत्तर अमेरिकेच्या किनाऱ्यावरून खारवलेला कॉड मासा येई. त्या माशातही उत्तम प्रत युरोपच्या उपवासाच्या ताटांसाठी राखून ठेवीत. फुटका, काळवंडलेला, उरलासुरला माल बेटांच्या वाट्याला येई. समुद्राने वेढलेल्या माणसांना परक्या समुद्रातला मासा खाऊ घालण्याची ही रीत तेव्हाची.

समुद्रमार्गे येणाऱ्या मालावरच्या करालाही तेवढेच वय आहे. त्याचे मूळ १६७० च्या एका शुल्कात सापडते. पुढे 'ऑक्त्रुआ द मेर' म्हणजे सागरी जकात या नावाने तो कर स्थिरावला आणि गावोगावच्या नगरपालिकांचा मुख्य आधार बनला. आजही तेथील महापौर हा कर सोडायला सहजी तयार होत नाहीत, कारण शाळेचे छप्पर आणि सफाई कामगाराचा पगार त्यातूनच निघतो. गरिबाच्या पावावर कर बसवून गरिबाच्याच गावचा रस्ता करायचा, असा हा पेच आहे.

येथे एक गोष्ट आपण ख्रिस्ती वाचकांनी डोळे उघडे ठेवून वाचली पाहिजे. १६८५ साली राजाने गुलामांविषयी जी संहिता काढली, तिचे दुसरे कलम त्यांना कॅथॉलिक धर्माचे शिक्षण व स्नानसंस्कार देण्याची आज्ञा करते. सहावे कलम रविवार पाळायला सांगते. आणि बाविसावे कलम त्यांचा शिधा ठरवून देते: प्रौढ माणसाला आठवड्याला अडीच मापे मॅनिओकचे पीठ (ज्या कंदापासून आपला साबूदाणा होतो, तोच हा कंद) आणि दोन पौंड खारे गोमांस किंवा तीन पौंड मासे. आत्म्याचे आणि पोटाचे असे एकाच कागदावर माप काढलेले होते. डॉमिनिकन संघाचे फादर जाँ-बाप्तिस्त लाबा १६९४ साली मार्टिनिकला पोचले. बेटावरच्या अन्नाविषयी, फळांविषयी, मासळीविषयी त्यांनी इतके चवीने लिहून ठेवले आहे, की इतिहासकारांना त्यांच्यावाचून पुढे जाता येत नाही. परंतु त्यांच्या संघाच्या साखरेच्या मळ्यावरही गुलामच राबत होते, हे झाकून ठेवण्यात आम्हांला काही पुण्य दिसत नाही.

संहितेच्या चोविसाव्या कलमाने शिध्याच्या बदल्यात गुलामाला एक मोकळा दिवस देण्यास मनाई केली होती. मळेवाल्यांनी हे कलम सर्रास मोडले. शिधा विकत घेण्यापेक्षा शनिवार देणे त्यांना स्वस्त पडे. "जा, आपले आपण पिकवून खा," असे सांगून डोंगरउतारावरची, उसाच्या उपयोगाची नसलेली जमीन ते दाखवीत. हा अन्यायच होता. तरीही त्या उतारांवरच 'क्रिओल बाग' जन्माला आली. कोनफळे, रताळी, अळूचे कंद, केळी, मिरची, औषधी पाला असे सारे एकमेकांच्या सावलीत दाटीने लावलेले. एक पीक गेले तरी दुसरे हाती लागावे अशी योजना. त्यातून उरलेले रविवारी मिस्सेनंतर विकायला बसत. रविवारी बाजार भरवू नये असेही संहितेत होते, पण ज्याला दुसरा दिवसच मोकळा नाही त्याने काय करावे? महागाईशी झुंजण्याचे मार्टिनिकचे पहिले आणि आजवरचे सर्वांत खात्रीचे साधन म्हणजे ही बाग होय.

१८४८ साली गुलामगिरी संपली. मळे मात्र राहिले. काही ठिकाणी मजुरी रोख न देता बिल्ल्यांत देत, आणि ते बिल्ले मालकाच्याच दुकानात चालत. म्हणजे डाव्या हाताने दिलेले उजव्या हाताने परत. मुक्त झालेल्यांनी मळ्याकडे पाठ फिरविल्यावर मालकांनी हिंदुस्थानाकडे पाहिले. 'ओरेली' नावाचे जहाज १८५३ च्या मे महिन्यात पहिले करारबद्ध मजूर घेऊन सँ-प्येर बंदरात आले. पुढच्या तीसेक वर्षांत पंचवीस हजारांवर माणसे आली; बहुतेक तमिळ मुलखातली, पाँडिचेरी व कारैकाल येथून निघालेली. त्यांचे वंशज आज प्रायः कॅथॉलिक आहेत. धणे, हळद, जिरे, मोहरी यांचा त्यांचा मसाला 'कोलंबो' या नावाने साऱ्या बेटाच्या स्वयंपाकघरांत शिरला. आणखी एक ओळखीची गोष्ट सांगायची तर नाताळच्या जेवणात तेथे डुकराच्या मांसासोबत हटकून वाढतात ते तुरीचे हिरवे दाणे. तूर मूळची आपल्याच देशातली. आफ्रिकेच्या वाटेने ती तेथवर गेली.

दुसऱ्या महायुद्धात या बेटाची जी परीक्षा झाली, तिच्याविषयी जरा विस्ताराने सांगितले पाहिजे. १९४० साली फ्रान्स पडला. बेटाचा कारभार शरणागत सरकारशी निष्ठा ठेवणाऱ्या अॅडमिरल रोबेर यांच्या हाती होता. त्याच वर्षी एका युद्धनौकेने फ्रान्सच्या बँकेचे अडीचशे टनांहून अधिक सोने आणून फोर-द-फ्रान्सच्या किल्ल्यात ठेवले. अमेरिकेने नाकेबंदी आवळत नेली आणि हळूहळू पीठ, तेल, साबण, कापड नाहीसे झाले. किल्ल्यात सोन्याच्या राशी, आणि खाली शहरात पावाला पीठ नाही! लोकांनी तेव्हा काय केले? समुद्राचे पाणी आटवून मीठ काढले. खोबऱ्याच्या तेलाचा साबण केला. जुन्या टायरांच्या वहाणा कापल्या. मॅनिओक पुन्हा किसले जाऊ लागले. नीरफणस, कोनफळे, कच्ची केळी यांवर घरे चालली. वशिला असलेल्यांना सगळे मिळे, इतरांना काहीच नाही. हालही पुष्कळ झाले, आणि कित्येक तरुण रात्री होडीने शेजारच्या इंग्रज बेटांवर पळून गेले. जुलै १९४३ मध्ये ही राजवट कोसळली. 'आन तान रोबे', म्हणजे रोबेरच्या काळात, हा शब्दप्रयोग टंचाईच्या दिवसांसाठी तेथे कायमचा रूढ झाला. तो उच्चारताना भुकेची आठवण असतेच, पण 'आम्ही आमच्या हातांनी निभावले' असा थोडा ताठाही असतो, असे आम्हांला वाटते.

मग १९ मार्च १९४६ चा कायदा आला. कवी व फोर-द-फ्रान्सचे महापौर एमे सेझेर यांनी संसदेत त्याचा पुरस्कार केला. वसाहत संपली, बेट फ्रान्सचा जिल्हा झाले. शाळा, दवाखाने, निवृत्तिवेतन आले, हा लाभ लहान नव्हे. सरकारी नोकरांनी संप करून महागाईपोटी पगारावर ४० टक्के वाढही मिळविली. परंतु मळ्यातला मजूर, मच्छीमार, घरकाम करणारी बाई यांना ती वाढ नव्हती. किमती मात्र सर्वांना सारख्या. साखरेचे कारखाने एकेक करून बंद पडले आणि उसाची जागा केळीने घेतली. ती केळीदेखील फ्रान्ससाठीच! केळी जहाजाने जातात. पीठ, दूध, गोठवलेली कोंबडी जहाजाने येते. आयात आणि मोठी दुकाने थोड्या घराण्यांच्या हाती एकवटली, आणि त्यांत जुन्या मळेवाल्यांचे वंशज ठळकपणे आहेत. कोलबेरचा नियम केव्हाच रद्द झाला, पण त्याने घालून दिलेली वाट तशीच वापरात राहिली.

त्या केळीनेच बागेवर घाला घातला. केळीच्या बुंध्यात शिरणारा सोंडकिडा आपल्या बागायतदारांना ठाऊक आहे. त्याच्या नाशासाठी १९७२ पासून मार्टिनिक व ग्वादलूप या दोन्ही बेटांवर क्लोरडेकोन हे विष वापरले गेले. अमेरिकेत ते बनविणाऱ्या कारखान्यातील कामगार आजारी पडून तो कारखाना १९७५ सालीच बंद झाला होता. फ्रान्सने त्यावर १९९० साली बंदी घातली, तरी या बेटांना १९९३ पर्यंत सवलत दिली. हे विष लवकर नष्ट होत नाही. ते मातीला चिकटून राहते. केळीच्या फळात ते उतरत नाही, म्हणून निर्यातीला बाधा नाही. कंदांत मात्र ते उतरते: कोनफळात, रताळ्यात, अळूच्या कंदात. नद्यांतून ते समुद्रात गेले आणि किनाऱ्याच्या काही भागांत मासेमारी बंद करावी लागली. प्रौढांपैकी दहांत नऊंहून अधिक जणांच्या रक्तात त्याचा अंश सापडला आहे. दुकान परवडत नाही म्हणून ज्या बागेकडे आणि ज्या खाडीकडे गरीब माणूस तीन शतके वळत आला, ती बाग आणि ती खाडीच संशयास्पद झाली. किमतींच्या तक्त्यात ही हानी कोठेच दिसत नाही.

लोक उठले ते २००९ साली. जानेवारीत ग्वादलूपमध्ये सार्वत्रिक संप झाला, ५ फेब्रुवारीला मार्टिनिकमध्ये. अडतीस दिवस मोठी दुकाने बंद, पेट्रोल नाही. शेतकरी रस्त्याच्या कडेला कंद, भाजी, फळे मांडून बसले आणि शहरी घरांना पुन्हा नीरफणस शिजवण्याची वेळ आली. शेवटी शंभर प्रकारच्या वस्तूंच्या किमती २० टक्क्यांनी उतरविण्याचे ठरले. २०१२ च्या कायद्याने एकाच आयातदाराला दिलेले मक्ते बेकायदा ठरविले आणि निवडक वस्तूंच्या टोपलीची किंमत दरवर्षी वाटाघाटीने ठरू लागली. तरीही दहा वर्षांनंतरचा आकडा ४० टक्केच! सप्टेंबर २०२४ मध्ये पुन्हा आंदोलन पेटले. या वेळी नासधूस अधिक झाली. दुकाने जळाली, लुटली गेली, रात्रीची संचारबंदी आली, आणि जळालेल्या दुकानांतल्या नोकऱ्या गरिबांच्याच होत्या. १६ ऑक्टोबरला सुमारे सहा हजार वस्तूंच्या किमती सरासरी २० टक्क्यांनी कमी करण्याचा करार झाला. ज्या संघटनेने आंदोलन छेडले तिने त्यावर सही केली नाही. तिला सर्वच खाद्यवस्तू हव्या होत्या.

करार होतात, मोडतात. घर दरम्यान चालवावेच लागते. ते चालते जुन्याच उपायांवर. आपल्या भिशीसारखी 'सूसू' असते. दर महिन्याला सर्वांची वर्गणी एकाच्या हाती पडते. शेतात आपल्या इर्जिकीसारखे 'कूदमें' असते: आज तुझ्या उतारावर, उद्या माझ्या. कोपऱ्यावरच्या छोट्या दुकानात उधारीची वही पूर्वीपासून चालत आलेली. न्याहारीला उकडलेली कच्ची केळी आणि कुस्करलेला खारा कॉड खातात. गुलामांच्या शिध्यातला हा मासा आता बेटाचा लाडका पदार्थ झाला आहे, आणि तो अजूनही बाहेरूनच येतो. ईस्टरच्या सोमवारी कुटुंबेच्या कुटुंबे समुद्रकाठी जाऊन मसालेदार खेकड्यांचा भात खातात.

आणि बाग? ती पुन्हा लावण्याची धडपडही चालू आहे. शासनाच्या एका योजनेखाली घरगुती बागेतील माती विनामूल्य तपासून मिळते. माती दूषित निघाली, तर त्या जागी कंद लावू नयेत असा सल्ला देतात. नीरफणसाला मात्र या तपासणीची गरज पडत नाही. त्याचे फळ जमिनीपासून उंच, फांदीवर धरते.