जुन्या शिक्षकांना पत्र: काम्यू यांनी नोबेलनंतर सरांना काय लिहिलं? आणि अशा पत्रांनी नेमकं काय होतं?

शिक्षक दिन आला की शाळेच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर फुलांची चित्रं आणि तयार सुविचार फिरू लागतात. पण ‘सर, तुमच्यामुळे माझ्या आयुष्यात अमुक एक गोष्ट घडली’ असं स्वतःच्या शब्दांत लिहिलेलं पत्र किती शिक्षकांच्या हातात पडतं? अशा पत्राचं जगातलं सर्वांत प्रसिद्ध उदाहरण ६० वर्षांहून अधिक जुनं आहे. ते लिहिलं होतं नोबेल विजेते फ्रेंच लेखक आल्बेर काम्यू यांनी.

काम्यू आणि त्यांचे शिक्षक कोण होते?

काम्यू यांचा जन्म १९१३ मध्ये अल्जेरियात झाला. त्या वेळी अल्जेरियावर फ्रान्सची सत्ता होती. ते वर्षाचेही नव्हते तेव्हा त्यांचे वडील पहिल्या महायुद्धात जखमी होऊन मरण पावले. आई लोकांच्या घरी साफसफाईची कामं करायची. तिला नीट ऐकू येत नव्हतं आणि लिहिता-वाचताही येत नव्हतं. अल्जियर्स शहरातल्या बेलकूर या कष्टकऱ्यांच्या वस्तीत, आजीच्या धाकात हे कुटुंब राहत होतं.

तिथल्या प्राथमिक शाळेत लुई जेर्मँ हे काम्यू यांचे शिक्षक होते. जेर्मँ स्वतः पहिल्या महायुद्धात लढून आलेले. वर्गातल्या या मुलाची हुशारी त्यांनी हेरली. त्याने पुढे शिकावं यासाठी शिष्यवृत्तीची परीक्षा देणं गरजेचं होतं. आजीचं म्हणणं मात्र वेगळं होतं. प्राथमिक शाळा संपली की मुलाने कामाला लागून घरात चार पैसे आणावेत, असं तिला वाटत होतं. घरची परिस्थिती पाहता ते चूकही नव्हतं.

जेर्मँ घरी गेले आणि त्यांनी आजीची समजूत काढली. काम्यू यांच्यासह काही मुलांना त्यांनी जादा वेळ देऊन मोफत शिकवलं. १९२४ मध्ये काम्यू शिष्यवृत्तीची परीक्षा उत्तीर्ण झाले आणि त्यांना शहरातल्या मोठ्या शाळेत प्रवेश मिळाला. त्या दिवशी आजी तयार झाली नसती, तर ‘द आउटसायडर’ आणि ‘द प्लेग’ या कादंबऱ्या कदाचित लिहिल्याच गेल्या नसत्या.

पत्रात काय होतं?

ऑक्टोबर १९५७ मध्ये काम्यू यांना साहित्याचं नोबेल जाहीर झालं. सुरुवातीचा गाजावाजा ओसरल्यावर १९ नोव्हेंबर १९५७ रोजी त्यांनी जेर्मँ यांना पत्र लिहिलं.

पत्र अगदी छोटं आहे. हा मोठा सन्मान आपण मागितला नव्हता, असं काम्यू त्यात सांगतात. बातमी कळल्यावर आईनंतर पहिली आठवण तुमचीच झाली, असं लिहितात. तुम्ही एका गरीब मुलाला मायेने हात दिला नसता, शिकवलं नसतं, तर यातलं काहीच घडलं नसतं, हे स्पष्टपणे मान्य करतात. आणि शेवटी सांगतात, की वय वाढलं तरी मी तुमचा कृतज्ञ विद्यार्थीच आहे.

यात पुरस्काराची बढाई नाही आणि शिक्षकांची भरमसाट स्तुतीही नाही. तुम्ही काय केलंत आणि त्यामुळे काय घडलं, एवढंच आहे. त्याच वर्षीच्या नोबेल समारंभातलं काम्यू यांचं भाषण पुढे पुस्तकरूपात आलं, तेही त्यांनी जेर्मँ यांनाच अर्पण केलं.

शिक्षकांनी उत्तर दिलं का?

हो. या दोघांचा पत्रव्यवहार सुरूच होता. एप्रिल १९५९ मध्ये जेर्मँ यांनी काम्यू यांना एक दीर्घ पत्र लिहिलं. जगप्रसिद्ध झालेला हा लेखक त्यांच्यासाठी अजूनही ‘लहानगा’च होता. प्रसिद्धीने काम्यू बदलले नाहीत, याचा आनंद त्यांनी व्यक्त केला. काम्यू शाळेत इतके हसतमुख असायचे, की त्यांच्या घरच्या गरिबीची आपल्याला फारशी कल्पनाच आली नव्हती, असंही त्यांनी लिहिलं. म्हणजे पत्रांमधून विद्यार्थ्याला शिक्षकाची बाजू कळत होती आणि शिक्षकालाही विद्यार्थ्याची.

यानंतर वर्षभराच्या आत, ४ जानेवारी १९६० रोजी, काम्यू यांचा मोटार अपघातात मृत्यू झाला. ते ४६ वर्षांचे होते. अपघातस्थळी त्यांच्या अपूर्ण कादंबरीचं हस्तलिखित सापडलं. त्यात जेर्मँ यांच्यावर बेतलेलं शिक्षकाचं पात्र आहे. १९९४ मध्ये ही कादंबरी प्रसिद्ध झाली, तेव्हा ही दोन पत्रं तिच्या शेवटी जोडण्यात आली. ‘सवडीने लिहू’ म्हणून काम्यू यांनी दोन-तीन वर्षं घालवली असती, तर ते पत्र कधीच लिहिलं गेलं नसतं.

संशोधन काय सांगतं?

अमेरिकी मानसशास्त्रज्ञ मार्टिन सेलिगमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००५ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. ज्या व्यक्तीचे नीट आभार मानायचे राहून गेले, तिला पत्र लिहा आणि स्वतः जाऊन द्या, असं काही सहभागींना सांगण्यात आलं. त्यांच्या आनंदात लक्षणीय वाढ झाली आणि ती महिनाभर टिकली. तीन महिन्यांनी मात्र हा परिणाम उरला नव्हता. थोडक्यात, एका पत्राने आयुष्यभराचं समाधान मिळत नाही.

मग लोक लिहीत का नाहीत? अमित कुमार आणि निकोलस एप्ली यांचा २०१८ चा अभ्यास याचं उत्तर देतो. पत्र मिळालेल्यांना अवघडल्यासारखं होईल, असं लिहिणाऱ्यांना वाटत होतं. प्रत्यक्षात त्यांचा अंदाज चुकला. अवघडलेपण अंदाजापेक्षा कमी होतं आणि आनंद व आश्चर्य जास्त. लिहिणारे ‘शब्द नीट जमतील का’ याची काळजी करत होते, तर वाचणाऱ्यांचं लक्ष त्यातल्या आपुलकीकडे होतं.

लिंकन यांचं ‘ते’ पत्र कोणतं?

शिक्षक आणि पत्र म्हटलं की मराठी वाचकाला आठवतं ते अब्राहम लिंकन यांचं हेडमास्तरांना लिहिलेलं पत्र. वसंत बापट यांच्या अनुवादामुळे ते अनेक शाळांच्या भिंतींवर पोहोचलं. पण हे पत्र लिंकन यांनीच लिहिल्याचा पुरावा सापडलेला नाही. शिवाय ते आभाराचं नाही, तर मुलाला काय शिकवा हे सांगणाऱ्या पालकाचं पत्र आहे.

पत्र लिहायचं असेल तर काय लक्षात ठेवावं?

- आधी ओळख द्या. शिक्षकांनी हजारो मुलं शिकवलेली असतात. दहावीचं वर्ष, तुकडी, बसायची जागा, लग्नाआधीचं आडनाव असा काही धागा सुरुवातीलाच द्या.
- एकच प्रसंग सांगा. ‘तुम्ही खूप छान शिकवायचात’ हे कोणालाही लिहिता येतं. ‘बाई, सहलीचे पैसे नव्हते तेव्हा तुम्ही वर्गात न विचारता बाजूला बोलावून विचारलंत’ हे फक्त तुम्हीच लिहू शकता.
- पुढे काय झालं ते लिहा. नोकरी मोठी असायलाच हवी असं नाही. रिक्षा चालवताना हिशेब पक्का राहतो, हेही गणिताच्या सरांना कळायला हवं.
- मायना साधा चालेल. ‘आदरणीय सर, सा. न. वि. वि.’ पुरेसं आहे. ‘प्रिय बाई’ हेही चुकीचं नाही.
- अक्षर मोठं ठेवा. वाचणाऱ्यांचं वय सत्तरीच्या पुढे असू शकतं. आपला पत्ता आणि फोन नंबर लिहायला विसरू नका.

पत्ता नसेल तर शाळेच्या कार्यालयात, जुन्या शिपायांकडे किंवा माजी विद्यार्थ्यांच्या ग्रुपवर चौकशी करता येते. शिक्षक हयात नाहीत असं कळलं, तर पत्र त्यांच्या घरच्यांना पाठवता येतं. आपली आई किंवा वडील वर्गात कसे होते, हे मुलांना बहुतेक वेळा ठाऊकच नसतं.