कॅमेऱ्याला न दिसणारा चालक

१९५३ ची मॉन्टे कार्लो मोटारशर्यत जिंकणारे डच चालक मॉरिस गॅट्सोनिडेस यांनी वेगमापक यंत्र घडवले, ते वळणावरील स्वतःचा वेग वाढवण्यासाठी. पुढे तेच यंत्र वेगमर्यादेचे राखणदार झाले. कॅमेरा मोटारीचा क्रमांक टिपतो. चालक कोण, हे मात्र बहुधा मालकाच्या शब्दावर ठरते.

ऑस्ट्रेलियातील निवृत्त न्यायाधीश मार्कस आइनफेल्ड यांनी २००६ मध्ये याच फटीचा आश्रय घेतला. दंड अवघा ७७ डॉलरचा होता. मोटार मैत्रीण चालवत होती, असे त्यांनी शपथेवर सांगितले. ती तीन वर्षांपूर्वीच निवर्तली होती! २००९ मध्ये त्यांना ३ वर्षांचा कारावास झाला.

दंड धनिकाला सहज भरता येतो. परवान्यावर साठत जाणारे दंडगुण मात्र गरीब-श्रीमंत पाहत नाहीत. मर्यादा ओलांडली की परवानाच निलंबित होतो. ते दुसऱ्याच्या माथी मारणे म्हणजे ही समता मोडणे होय.

भारतातही २०१९ च्या मोटार वाहन सुधारणा कायद्याने रस्त्यांवरील इलेक्ट्रॉनिक देखरेखीला अधिष्ठान दिले. वेग दुप्पट झाला की गतिज ऊर्जा चौपट होते. हा नियम खोट्या शपथेने बदलत नाही.