कलाप्रदर्शने, सामाजिक आशयाची

कलाकृती व हस्तव्यवसायांच्या वस्तू एकत्र मांडून समाजातील उपेक्षित वर्गांचे श्रम, हक्क व अस्मिता यांकडे लक्ष वेधणारी प्रदर्शने. महाराष्ट्रातील अशा प्रदर्शनांच्या इतिहासात खानदेशातील फैजपूर (यावल तालुका, तत्कालीन पूर्व खानदेश व विद्यमान जळगाव जिल्हा) येथे डिसेंबर १९३६ मध्ये भरलेल्या खादी व ग्रामोद्योग प्रदर्शनास महत्त्वाचे स्थान आहे.

पूर्वपीठिका : बॉम्बे आर्ट सोसायटीच्या स्थापनेपासून (१८८८) मुंबईत चित्रप्रदर्शने नियमितपणे भरू लागली, तथापि त्यांचा प्रेक्षक मुख्यतः शहरी व सुशिक्षित होता. राष्ट्रसभेच्या (काँग्रेसच्या) अधिवेशनांना जोडून १९०१ पासून औद्योगिक प्रदर्शने भरत. त्यांत स्वदेशी मालास उत्तेजन मिळे. मात्र तो माल घडविणारा कारागीर बहुधा अनामच राही. अखिल भारतीय चरखा संघ (१९२५) व अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ (१९३४) यांच्या स्थापनेनंतर ही दृष्टी पालटू लागली. १९३५ मध्ये चरखा संघाने कातणाऱ्यांना निर्वाहापुरती मजुरी मिळाली पाहिजे, हे तत्त्व स्वीकारले. वस्तूच्या देखणेपणाबरोबर ती करणाऱ्याच्या मजुरीचा प्रश्नही त्यामुळे प्रदर्शनाच्या कक्षेत आला.

फैजपूर : राष्ट्रसभेचे पन्नासावे अधिवेशन जवाहरलाल नेहरूंच्या अध्यक्षतेखाली २७ व २८ डिसेंबर १९३६ रोजी फैजपूर येथे झाले. खेड्यात भरलेले हे पहिलेच अधिवेशन होय. स्थानिक कार्यकर्ते धनाजी नाना चौधरी यांचा त्याच्या सिद्धतेत मोठा वाटा होता. स्वागताध्यक्ष शंकरराव देव होते. साने गुरुजींनी प्रचारासाठी परिश्रम घेतले व मैला वाहण्याचे कामही केले. जातीने ठरविलेले काम स्वयंसेवकांनी पतकरणे, हाही त्या प्रसंगीच्या संदेशाचा एक भाग होता.

अधिवेशनासाठी वसविलेल्या टिळकनगराची सजावट महात्मा गांधींनी शांतिनिकेतनमधील कलाभवनाचे प्रमुख नंदलाल बोस (१८८२–१९६६) यांच्याकडे सोपविली. त्याच वर्षी लखनौच्या अधिवेशनातील कलाप्रदर्शनही बोस यांनी मांडले होते. फैजपूरला मात्र सर्व नगरच बांबूसारख्या स्थानिक व अल्पमोली सामग्रीतून उभारले गेले. २५ डिसेंबर रोजी केलेल्या भाषणात गांधींनी या कामाबद्दल बोस यांचा गौरव केला. प्रदर्शन ही करमणुकीची जत्रा नसून शिक्षणाचे साधन आहे, अशी त्यांची धारणा होती. अध्यक्षांना बैलांनी ओढलेल्या सजविलेल्या रथातून अधिवेशनस्थळी आणण्यात आले. खानदेशास रथाची कल्पना परकी नव्हती. जळगावलगतच्या व आता त्या शहरात सामावलेल्या पिंप्राळा येथे आषाढी एकादशीस विठ्ठलाचा रथोत्सव होतो. लोकांच्या परिचयाची दृश्यरूपे राजकीय व्यासपीठावर आल्याने ग्रामीण प्रेक्षकाला या सोहळ्यात आपली ओळख सापडणे सुलभ झाले. याच अधिवेशनात शेतसारा, खंड, कर्ज इत्यादींसंबंधीचा कृषिविषयक कार्यक्रमही संमत झाला.

फैजपूरच्या अनुभवातूनच पुढे हरिपुरा (गुजरात) येथील अधिवेशनासाठी (फेब्रुवारी १९३८) बोस यांनी सुप्रसिद्ध चित्रफलक रंगविले. हातकागदावर मातीच्या रंगांनी काढलेल्या ऐंशीहून अधिक मूळ फलकांत सूत कातणाऱ्या स्त्रिया, सुतार, चांभार, ढोलवादक अशा श्रमिकांना स्थान मिळाले. त्यांपैकी काही २०१९ मध्ये व्हेनिसच्या द्वैवार्षिक प्रदर्शनातील भारतीय दालनात मांडण्यात आले.

मर्यादा : फैजपूरच्या मांडणीतील खेडे स्वावलंबी व सुसंवादी होते. याच सुमारास डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी येवले येथे धर्मांतराची घोषणा (१९३५) आणि स्वतंत्र मजूर पक्षाची स्थापना (१९३६) केली होती. गावकुसाबाहेर राहणाऱ्यांच्या दृष्टीने तेच खेडे बहिष्काराचे व वेठीचे स्थान होते. १९४८ मध्ये संविधान सभेतही आंबेडकरांनी खेड्याच्या उदात्तीकरणावर कठोर टीका केली. प्रदर्शनात कारागिराची वस्तू व प्रतिमा आली, तरी ती निवडण्याचा व तिचा अर्थ सांगण्याचा अधिकार त्याच्याकडे आला नव्हता. पुढील काळातील कलावंतांनी हाच प्रश्न ऐरणीवर आणला.

उत्तरकाल : दलित पँथरच्या स्थापनेच्या (१९७२) आसपास दलित साहित्याने जो आत्मकथनाचा हक्क प्रस्थापित केला, तो दृश्यकलेत काहीसा उशिरा आला. नागपूर येथे जन्मलेले सवी सावरकर (१९६१–  ) यांनी गळ्यात मडके व कमरेला झाडू बांधलेला अस्पृश्य, देवदासी इ. विषय आपल्या चित्रांतून व मुद्राचित्रांतून मांडले. छायाचित्रकार सुधारक ओलवे यांनी मुंबई महानगरपालिकेच्या सफाई कामगारांचे जीवन छायाचित्रांतून लोकांसमोर आणले. त्यांना २०१६ मध्ये पद्मश्री किताब देण्यात आला. प्रभाकर कांबळे यांनी मातीच्या मडक्यांची उतरंड हे घरगुती दृश्य जातीच्या श्रेणीबद्ध रचनेचे प्रतीक म्हणून योजिले. बर्लिन येथील बाराव्या द्वैवार्षिक प्रदर्शनात (२०२२) त्यांचा सहभाग होता. कोची येथील २०१८ च्या द्वैवार्षिक प्रदर्शनाची मांडणी अनिता दुबे यांनी केली, तीतही उपेक्षितांच्या आवाजास प्राधान्य होते.

फैजपूरने कलेला दालनाबाहेर काढून खेड्यातील प्रेक्षकापर्यंत नेले. उत्तरकालीन कलावंतांनी गावकुसाबाहेरील अनुभव दालनात आणला. पहिल्या टप्प्यात श्रमाला प्रतिष्ठा लाभली, तर दुसऱ्यात श्रमिकाने स्वतःचे चित्र स्वतः रेखाटण्याचा हक्क घेतला. या कलाकृतींचा वावर मात्र अद्याप प्रामुख्याने महानगरांत व परदेशांत आढळतो. ज्यांच्या जीवनातून त्या निर्माण होतात, त्यांच्या गावापर्यंत त्या पोहोचविणे, हे फैजपूरने आरंभिलेले कार्य बऱ्याच अंशी अपुरे आहे.